पहिला पेपर घाईने देऊ नका: डिग्री करता करता एटीपीएल

इंजिनिअरिंग चालू असताना एटीपीएलची, म्हणजे एअरलाइन पायलटच्या लायसन्सची, थिअरी झेपते का, असं ज्युनिअर विचारतात. झेपते. पण पहिल्या खेपेला माझे पास झालेले ११ पेपर बाद झाले आणि ते अजून सलतं. अभ्यास कमी पडला नव्हता, पहिला पेपर चुकीच्या वेळी दिला होता.

युरोपीय नियमांत १३ विषय, प्रत्येकात ७५ टक्के, एका पेपरला जास्तीत जास्त ४ प्रयत्न, हे सगळ्यांना पाठ असतं. मुदतीचं कलम मात्र वरवर वाचलं जातं. पहिला पेपर ज्या महिन्यात दिला, त्या महिन्याच्या अखेरीपासून १८ महिन्यांत तेराही विषय सुटले पाहिजेत. एक जरी राहिला, तरी सुटलेलेही गेले. मी तिसऱ्या सेमिस्टरला, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, नुसता अंदाज घ्यायचा म्हणून ह्यूमन परफॉर्मन्स (माणसाच्या शरीर-मनाच्या मर्यादांचा विषय) दिला. सुटला, आनंद झाला. मुदत तिथूनच मोजायला लागली, हे डोक्यातच आलं नाही. ती संपणार होती एप्रिलअखेर. मोजून बघा: मधे तीन सेमिस्टर परीक्षा, प्रत्येकीच्या आधी सबमिशन आणि व्हायवा. १८ महिन्यांतले थिअरीच्या वाट्याला जेमतेम नऊ आले. तोच पेपर आठवडाभर थांबून नोव्हेंबरच्या सुरुवातीला दिला असता, तर मेअखेरपर्यंत वेळ मिळाला असता. माझे दोनच पेपर राहिले होते, जनरल नेव्हिगेशन आणि फ्लाइट प्लॅनिंग.

म्हणून आधी युनिव्हर्सिटीचं वेळापत्रक समोर ठेवा, सगळे विषय एकदा वाचून काढा आणि मगच पहिल्या पेपरचा फॉर्म भरा. 'एखादा सोपा उरकून टाक' असं सांगणाऱ्या सीनिअरचं ऐकू नका. त्याने पूर्णवेळ थिअरी केलेली असते, तुमच्या सबमिशनची त्याला कल्पना नसते.

नेव्हिगेशनचं वेगळं सांगतो. सेमिस्टरसाठी सहा आठवडे पुस्तकं मिटली होती. नंतर फ्लाइट कॉम्प्युटर (हिशेबाची हातात धरायची चकती) हातात घेतला, वाऱ्याची खूण मांडली, चकती फिरवली आणि ड्रिफ्ट, म्हणजे वाऱ्याने विमान सरकणं, डावा की उजवा तेच ठरेना. ४० मैलांत २ मैल बाजूला गेलो म्हणजे ३ अंशांची चूक, हे वन-इन-सिक्स्टीचं (६० मैलांत १ मैल बाजूला म्हणजे १ अंश) साधं गणितसुद्धा कागदावर करावं लागलं. मेटिओरॉलॉजी पुन्हा वाचली की परत येते. नेव्हिगेशन हाताच्या सवयीचं आहे. ऐन परीक्षेतही रोज २० मिनिटं, बाकी काही नाही झालं तरी चालेल.

क्वेश्चन बँक शेवटच्या तीन आठवड्यांतच उघडा. उत्तरं पाठ करून पेपर सुटेल, पण पुढे एअरलाइनच्या मुलाखतीत 'का' विचारलं की काय सांगाल?

घाबरू नका. थिअरीचा मॉड्युलर कोर्स, म्हणजे टप्प्याटप्प्याने करायचा, किमान ६५० तासांचा असतो. आठवड्याला १२ तास धरले तर वर्षाहून थोड्याच जास्त वेळात होतो, आणि डिग्रीही गळ्याशी येत नाही. फक्त फार लवकरही संपवू नका. थिअरी सुटल्यापासून सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) आणि आयआर (उपकरणांच्या आधारे उडवायचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग) घ्यायला ३६ महिनेच मिळतात. फ्लाइंगच्या पैशांची सोय आधी बघा.

दुसऱ्या खेपेला माझा पहिला पेपर सातव्या सेमिस्टरची परीक्षा संपल्यावर झाला, महिन्याच्या २ तारखेला. विषय घेतला होता जनरल नेव्हिगेशन.