तेजोमेघाचा फोटो कसा वाचावा : सुरुवात सोसायटीच्या गच्चीवरून

हबल किंवा वेब या अवकाशातल्या दुर्बिणींनी टिपलेला रंगीत तेजोमेघ, म्हणजे ताऱ्यांमधल्या वायूचा आणि धुळीचा ढग, कुणी मोबाईलवर दाखवला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे रंग खरे की संगणकाने भरलेले? याचं उत्तर हो-नाहीत बसत नाही. पण दोन संध्याकाळी दिल्यात तर ते तुमचं तुम्हालाच सापडेल.

पहिली संध्याकाळ गच्चीवर घालवा. कोजागिरीला गच्ची उघडी असते, पण त्या रात्री चंद्र सगळं आकाश धुऊन टाकतो. सेक्रेटरींकडे किल्ली मागायची ती फेब्रुवारीतल्या अमावास्येच्या आसपास. महिन्याच्या मध्याला रात्री साडेआठच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करा आणि मान बरीच वर न्या. मृगाचे चार पाय आणि पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे मुंबईच्या उजेडातही ओळखू येतात. बाणाच्या जरा खाली काही मंद ठिपके ओळीने लोंबकळताना दिसतील. त्यांतल्या मधल्या ठिपक्यावर १० × ५० ची द्विनेत्री दुर्बीण रोखा. हात हलू नये म्हणून कोपरं कठड्यावर टेकवा आणि मिनिटभर थांबा.

दिसेल तो एक राखाडी, पुसट डाग. हाच मृगातला तेजोमेघ, खगोलशास्त्रज्ञांच्या यादीत एम ४२. तो सुमारे १,३५० प्रकाशवर्षं दूर आहे, आणि तिथे आत्ताही तारे जन्माला येत आहेत. रंग मात्र दिसणार नाही, कारण इतक्या मंद उजेडात डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळतच नाहीत. ही पायरी गाळू नका. फोटोतल्या रंगांना खोटं म्हणताना आपण डोळ्याला प्रमाण मानतो, आणि इथे डोळाच अपुरा पडतो, हे स्वतः अनुभवावं लागतं. गच्चीवरून डाग दिसलाच नाही, तर कर्जत लाइनवरच्या वांगणीला जा. खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम तिथे होतात.

दुसऱ्या संध्याकाळी संगणकावर दोन फोटो शेजारी-शेजारी उघडा. दोन्ही गरुड तेजोमेघातल्या, म्हणजे एम १६ मधल्या, 'निर्मितीच्या स्तंभां'चे. एक हबलने १९९५ मध्ये घेतलेला, दुसरा वेबचा २०२२ मधला.

आधी तेजस्वी ताऱ्यांकडे बघा. हबलच्या ताऱ्यांना चार टोकं असतात, वेबच्या ताऱ्यांना सहा लांब आणि दोन आखूड. टोकांचा हा आकार दुर्बिणीतून येतो, तो ताऱ्याचा नसतो. फोटो कोणत्या दुर्बिणीचा हे त्यावरून लगेच कळतं.

मग रंग. दोन्ही दुर्बिणींचे हे कॅमेरे मुळात कृष्णधवल फोटो काढतात, दर वेळी वेगळा फिल्टर, म्हणजे ठरावीक रंगाचाच प्रकाश आत सोडणारी काच, लावून. हबलच्या स्तंभांत गंधकाचा प्रकाश लाल, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनचा निळा दाखवला आहे. असं का करावं लागलं? हायड्रोजनचा प्रकाश ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीचा, गंधकाचा ६७३ च्या आसपासचा, म्हणजे दोन्ही लालच. जसेच्या तसे ठेवले असते तर कुठे कोणता वायू आहे हे कुणालाच वेगळं करता आलं नसतं. म्हणून मला ही रंगसंगती नकाशासारखी वाटते. समुद्र निळा रंगवला म्हणून नकाशा खोटा ठरत नाही, फक्त सूची वाचावी लागते. इथली सूची फोटोखालच्या माहितीत असते. कोणत्या फिल्टरला कोणता रंग दिला ते तिथे लिहिलेलं असतं.

वेबचा फोटो अवरक्त प्रकाशातला आहे. तो प्रकाश डोळ्याला दिसतच नाही, त्यामुळे सगळ्यांत लांब तरंगांना लाल आणि आखूड तरंगांना निळा रंग दिला जातो. हबलमध्ये काळेकुट्ट वाटणारे स्तंभ इथे विरळ होतात आणि मागचे तारे डोकावू लागतात. याचं कारण समजायला गिरगाव चौपाटीवर सूर्यास्त पाहा. हवेतले कण निळा प्रकाश विखुरतात, लाल त्यातून निसटतो, म्हणून मावळता सूर्य तांबडा दिसतो. अवरक्त प्रकाशाचे तरंग लालपेक्षाही लांब असतात, म्हणून ते धुळीतून आणखी सहज पार होतात. स्तंभांच्या कडेला जे लालभडक ठिपके आणि लाव्ह्यासारख्या नागमोडी रेषा दिसतात, तिथे नवे तारे घडत आहेत आणि आजूबाजूला वायूचे झोत फेकत आहेत. माझी नजर प्रत्येक वेळी तिथेच जाऊन थांबते.

आता स्वतः रंग भरून पाहा. मिकुल्स्की आर्काइव्ह म्हणजे 'मास्ट' या अवकाश दुर्बिणींच्या निरीक्षणांच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर हबलचे मूळ फोटो मोफत मिळतात. एम १६ शोधा आणि एकाच वेळच्या निरीक्षणांतल्या ५०२ (ऑक्सिजन), ६५६ किंवा ६५७ (हायड्रोजन) व ६७३ (गंधक) या फिल्टरच्या तीन फिट्स फाइल घ्या; फिट्स हा खगोलशास्त्रातल्या फोटोंचा फाइल-प्रकार. त्या 'फिट्स लिबरेटर' या प्रोग्राममध्ये उघडल्या की फोटो जवळजवळ काळा दिसेल. घाबरू नका, मंद भाग उजळेपर्यंत 'स्ट्रेच' (मंद भाग उजळवण्याची सोय) वाढवा आणि टिफ प्रकारची फाइल म्हणून साठवा. तिन्ही फाइल 'गिम्प' या फोटो-संपादनाच्या प्रोग्राममध्ये नेऊन 'कंपोज' (तीन कृष्णधवल फोटोंचा एक रंगीत फोटो करणारी आज्ञा) वापरा : ६७३ लालमध्ये, ६५६ हिरव्यात, ५०२ निळ्यात. तारे एकमेकांवर नीट बसले नाहीत, तर थर सरकवून जुळवा. पहिल्या प्रयत्नात सगळं हिरवंगार होईल, कारण हायड्रोजनचा प्रकाश सर्वांत जास्त असतो. हिरवा हळूहळू कमी करत जा, म्हणजे गंधक आणि ऑक्सिजन वर येतील.

एवढं जमलं की हायड्रोजनची फाइल लालमध्ये घाला, गंधकाची हिरव्यात, आणि तेच स्तंभ पुन्हा बघा.