मोबाइलशिवाय घास गिळत नव्हती: माझा अनुभव

लेक सव्वातीन वर्षांची. व्हिडिओ थांबला की घास गालात धरून बसायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या सूचनांनुसार या वयाला दिवसाला फार तर 1 तास स्क्रीन. आमचा दीड तास जेवणातच जायचा. एकदम बंद केला, तर रडारड. ‘बॅटरी संपली’ म्हटलं, तर बाईसाहेबांनी चार्जर आणून दिला! अगदी वैतागले होते.

जमलं ते असं. आधी जेवणापूर्वीचे दोन तास दूध-बिस्किट बंद. भूक नसेल तर पुढचं सगळं फुकट. मग तीन दिवस मोबाइल पालथा, नुसती गाणी. चौथ्या दिवशी मोबाइल आतल्या खोलीत, आमचेसुद्धा. वरणभाताचं ताट तिच्यापुढे, सांडलं तरी हात लावायचा नाही. 25 मिनिटांनी ताट उचललं, मागे धावले नाही. दहाव्या दिवशी तिने भात पुन्हा मागितला. आजीकडे गेलो की गाडी अजून घसरते.