गाडी दुसऱ्याच्या हातून ठोकली गेली? क्लेम करताना या चुका टाळा

गणपतीच्या आधीचा आठवडा, मे महिन्याची सुट्टी आणि लग्नसराई. वर्षातल्या या तीन वेळांना माझा फोन थांबत नाही. मी परळला मोटार विम्याचं काम करते, त्याला आता एकवीस वर्षं झाली. पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, गाडी मेहुण्याने नेली होती." दुसरंही ठरलेलं, "मग फॉर्मवर माझंच नाव टाकू ना?"

नका टाकू. ही एक चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की बाकीच्या सगळ्या तिच्यापुढे किरकोळ वाटतात.

मुळात गैरसमज असा आहे की पॉलिसीवर ज्याचं नाव त्यानेच गाडी चालवली तर पैसे मिळतात. तसं नाही. आपल्याकडे विमा गाडीचा असतो. पॉलिसीच्या कागदात ड्रायव्हर्स क्लॉज असतो, तो काढून वाचा. मालक किंवा दुसरी कोणतीही व्यक्ती, जिच्याकडे अपघाताच्या वेळी त्या गाडीसाठी चालू लायसन्स आहे आणि जिला गाडी चालवायला बंदी घातलेली नाही, ती चालवू शकते. तुम्ही राजीखुशीने चावी दिलेला मेहुणा, शेजारी, ऑफिसातला मित्र, सगळे त्यात बसतात.

तरीही माणसं खोटं लिहितात. मुलुंडच्या एका काकांचं प्रकरण सांगते. बँकेतून निवृत्त झालेला, आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासलेला माणूस. पुतण्या त्यांची गाडी घेऊन कणकवलीला निघाला आणि वडखळच्या पुढे समोरच्या टेम्पोने ब्रेक मारल्यावर मागून धडकला. एअरबॅग उघडल्या, पुतण्याच्या हनुवटीला चार टाके पडले. गाडी टो करून भांडुपच्या बॉडीशॉपला आणली. घरात कोणीतरी सल्ला दिला की पॉलिसी काकांच्या नावावर आहे, तेव्हा तेच चालवत होते असं लिहून टाका, कटकट नको. काकांनी सही केली. मला दोन दिवसांनी कळलं.

सर्व्हेअर, म्हणजे विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणारे, आले तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी बोनेट उघडण्याआधी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि आत जाऊन बसले. सीट अगदी शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवलेली होती. अपघातानंतर तिला कोणी हात लावला नव्हता. ते बाहेर आले आणि काकांना शांतपणे म्हणाले, "काका, जरा बसून दाखवता?" काका साडेपाच फुटांच्या आतले. ते बसले, पाय लांब केला, आणि क्लच काही तळापर्यंत दाबला जाईना. पुतण्या सहा फुटांचा. मग सर्व्हेअरनी एअरबॅगवरचा वाळलेला रक्ताचा डाग दाखवला आणि काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. पुढे सरकारी दवाखान्यातला केसपेपर मागवला गेला. त्यात पुतण्याचं नाव होतं आणि जखमी गाडी चालवत होता असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. चुकीची माहिती दिली म्हणून क्लेम नामंजूर. दुरुस्तीचं बिल १,९२,००० रुपये. खुलाशाचं पत्र घेऊन मी दोनदा कंपनीत गेले, पण काकांची सही असलेला फॉर्म समोर ठेवल्यावर बोलायला काही उरत नव्हतं. काकांनी फिक्स डिपॉझिट मोडलं. यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की पुतण्याचं लायसन्स २०३४ पर्यंत चालू होतं. खरं लिहिलं असतं तर नेहमीची कपात होऊन बाकी पैसे मिळाले असते. काका आणि पुतण्या त्या दिवाळीला एकमेकांकडे गेले नाहीत.

म्हणून माझी एक सवय आहे. असा फोन आला की फॉर्मचं नाव काढायच्या आधी मी समोरच्याला कोऱ्या कागदावर चार ओळी लिहायला लावते: कोण चालवत होतं, कुठे, किती वाजता, शेजारी कोण होतं. तारीख घालून सही. नंतर फॉर्ममध्ये, पोलिसांकडे आणि सर्व्हेअरला तेच सांगायचं, एका शब्दाचाही फरक न करता.

आता लायसन्स. "तुझं लायसन्स आहे ना?" असं विचारणं पुरेसं नाही. त्यावर सगळे हो म्हणतात, आणि बहुतेकांना ते संपलेलं ठाऊकच नसतं. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत होती. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत ती गेली. आज मुदत संपली तर उद्या तुमचा मित्र विनालायसन्स आहे. स्कूटरचं लायसन्स असलेला माणूस कार चालवतो, तेही तसंच. लर्निंगवाला असेल तर शेजारी पक्क्या लायसन्सचा, शिकवणारा माणूस बसलेला हवा आणि गाडीला पुढेमागे लाल एल हवा. माझ्या घरी चावी दाराजवळच्या खिळ्याला असते. माझा भाऊ असला तरी आधी लायसन्सचा फोटो माझ्या फोनवर येतो, मी तारीख आणि वर्ग वाचते, मग चावी खिळ्यावरून निघते. त्याला राग येतो, येऊ दे.

डिसेंबर-जानेवारीत परदेशातून येणाऱ्या भाच्यांचं वेगळंच. तिथलं लायसन्स दाखवून दादरपासून लोणावळ्यापर्यंत बिनधास्त फिरतात. सोबत आंतरराष्ट्रीय परमिट आहे का, किंवा इथलं जुनं लायसन्स अजून चालू आहे का, हे कोणी पाहतच नाही. एका कुटुंबाने असाच गाडीचा पुढचा सगळा भाग स्वतःच्या खिशातून बदलला.

आणि अल्पवयीन. सोसायटीच्या आवारात जरा गाडी काढून लावायला सोळा वर्षांच्या मुलाला चावी देणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलेलं नाही. मोटार वाहन कायद्याचं १९९ अ कलम वाचा: पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द.

दारू प्यायलेल्याला चावी देऊ नका. यावर जास्त लिहायची माझी इच्छा नाही.

माझ्या चिडीचा दुसरा विषय म्हणजे "जागेवरच मिटवलं". चेंबूरला एका क्लायंटच्या मित्राने वळताना डिलिव्हरीवाल्या पोराच्या स्कूटरला धक्का दिला. पोराचा गुडघा सुजला होता. मित्राने त्याला पाच हजार दिले, पाठीवर हात ठेवला आणि गाडी परत आणून दिली. मालकाला एक अवाक्षर सांगितलं नाही, दाराला ओरखडा आहे एवढंच बोलला. चार महिन्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. मालकाच्या नावाने आली, कारण आरसी त्याच्या नावावर. पोराच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. मालकाने नोटीस वाचली, आपण तर तिथे नव्हतोच म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि दोन तारखा बुडवल्या. मी ती पाहिली ती त्याच्या बायकोने फोटो पाठवला म्हणून. त्याच दिवशी कंपनीला कळवलं, मित्राच्या लायसन्सची प्रत दिली, वकील उभा राहिला. लायसन्स चालू होतं म्हणून निभावलं.

नसतं तर काय झालं असतं ते नीट समजून घ्या. अशा प्रकरणात न्यायाधिकरण बहुतेक वेळा विमा कंपनीला जखमीचे पैसे भरायला लावतं आणि ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. म्हणजे गाडी मित्राने चालवली आणि वसुली तुमच्याकडून. ही रक्कम बंपरसारखी हजारांत नसते, लाखांत असते.

कोणाला लागलं असेल तर आधी दवाखाना, मग पोलीस. कायद्याच्या १३४ कलमाप्रमाणे हे चालकाचं कर्तव्य आहे, पोलिसांना जास्तीत जास्त २४ तासांत कळवायचं. पैसे देऊन पाठ फिरवणं म्हणजे मिटवणं नव्हे. गाडी उसनी नेणाऱ्याला मी चावी देतानाच सांगते की ओरखडा आला तरी पहिला फोन मला, मग घरी.

गाडी नेणाऱ्याला स्वतःला काही झालं तर? हा प्रश्न कोणी विचारतच नाही. पॉलिसीत १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो तो मालक-चालकाचा. मित्राचा नाही. आणि मित्राचं कुटुंब तुमच्या कंपनीकडे थर्ड पार्टी म्हणून दावा करू पाहील, तर सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे की उसनी गाडी चालवणारा मालकाच्या जागी उभा असतो, तो तिऱ्हाईत ठरत नाही. २००९ च्या प्रकरणात माणूस उसन्या मोटरसायकलवर होता, पुढची लोखंडी पत्रे भरलेली बैलगाडी अचानक थांबली आणि तो गेला. म्हणून लांबच्या प्रवासाला गाडी देत असाल तर त्याचा स्वतःचा अपघात विमा आहे का, हे विचारा. विचारायला अवघड वाटतं. मलाही वाटतं, तरी मी विचारते.

आता छोट्या ठोकरीचा हिशेब, कारण इथे माणसं संकोचाने मार खातात. मित्राने बंपर फोडला आणि म्हणाला, "इन्शुरन्स आहे ना?" तुम्ही हसून हो म्हणता. समजा, नवा बंपर ८,००० चा. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जादा जोडणी, नसेल तर प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे ४,००० गेले. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची कपात १,०००. हातात ३,०००. त्या बदल्यात तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, शून्यावर येतो, मित्राचा नाही. तुम्ही ५० टक्क्यांवर असाल आणि बोनसआधीचा ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम १२,००० असेल, तर आज ६,००० भरता. क्लेमनंतरच्या वर्षी १२,०००, मग २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ असं चढत पुन्हा ५० वर यायचं. प्रीमियम तोच धरला तर पाच वर्षांत जास्तीचे १५,००० जातात. तीन हजारांसाठी पंधरा हजार. हा हिशेब कागदावर मांडून मित्राला दाखवा आणि बंपर त्याला भरायला सांगा. समजूतदार माणूस भरतो.

पावसाळ्यात गाडी देताना मी एकच वाक्य दोनदा बोलते: पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, दर जुलैमध्ये कोणीतरी घाईने चावी फिरवतो, पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत कंपनी म्हणते की हे नुकसान पाण्याने नाही, तुम्ही स्टार्ट केल्याने झालं. इंजिन प्रोटेक्ट ही इंजिनासाठीची जादा जोडणी घेतली नसेल तर भांडण हरल्यात जमा आहे. ढकलत बाजूला काढा आणि टोइंगवाल्याला बोलवा.

राहिलेल्या गोष्टी पटकन सांगते. सर्व्हेअर येण्याआधी ओळखीच्या गॅरेजला गाडी खोलू देऊ नका, रस्त्यातल्या माणगावच्या तर अजिबात नाही. हायवेवर गाडी बाजूला घ्यावीच लागते, पण हलवण्याआधी चारही बाजूंचे आणि नंबरप्लेटचे फोटो काढा. कंपनीला कळवायचं काम मालकाचं, नेणारा मुंबईत परत येईपर्यंत थांबू नका. "पेट्रोल भर" ठीक आहे, पण दिवसाला दोन हजार घेऊन गाडी दिलीत तर ते भाडं झालं आणि खाजगी पॉलिसी भाड्याला चालत नाही. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर १४ दिवसांत पॉलिसी नावावर करून घ्या, तोवर ती कोणाला देऊच नका.

उशीर झाला म्हणून घाबरून तारीख मात्र बदलू नका. केवळ उशिरा कळवलं म्हणून खरा क्लेम नाकारू नये, असं विमा नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना बजावलं आहे. उशिराचं खरं कारण लिहा.

आणि सगळं खरं लिहूनही नकार आला, तर तो लेखी घ्या. फोनवरच्या नकाराला किंमत नाही. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला पत्र, पोच घ्यायची. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर जीवन सेवा अ‍ॅनेक्समध्ये आहे. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जायचं. पॉलिसी, नकाराचं पत्र, चालवणाऱ्याचं लायसन्स, फोटो आणि पहिल्या दिवशी लिहिलेल्या त्या चार ओळी सोबत न्या.