डेटासेट पुन्हा अपलोड करण्याआधी

आर्वीकडच्या खेड्यात राहून मी ओपन सोर्स मशीन लर्निंगचं काम करतो. गावातली पोरं विचारायला येतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रकल्प ठरलेला असतो: पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारं मॉडेल. सुरुवात प्लांटव्हिलेज डेटासेटपासून होते. त्यात १४ पिकांचे ५४ हजारांवर फोटो आहेत, पण आपल्या भागाच्या कामाचं थोडंच. पऱ्हाटी, म्हणजे कापूस, नाहीच. सोयाबीन आहे ते फक्त निरोगी पानांचं, आणि संत्र्याचा एकच रोग, ग्रीनिंग. फोटोही तोडलेल्या पानांचे, साध्या पार्श्वभूमीवरचे. वावरातल्या उन्हात मॉडेल गडबडतं.

मग पोरं मिळेल तिथून कापसाचे फोटो जमवतात आणि सगळ्यांची एक झिप करून हगिंग फेस या मॉडेल-डेटासेट वाटायच्या संकेतस्थळावर टाकायला निघतात. मी त्यांना तिथेच थांबवतो. वावर पडीक दिसलं म्हणून आपण त्यात नांगर घालत नाही, आधी सातबारा पाहतो. फुकट डाउनलोड झालं म्हणजे पुन्हा वाटायची परवानगी मिळाली असं नाही. आपल्याकडे फोटोवरचा कॉपीराइट नोंदणीशिवायच लागू होतो. परवाना लिहिलेला नसेल तर मालकाला ईमेल करून विचारा, आणि उत्तर येईपर्यंत अपलोड करू नका. तोच संच दुसऱ्या कुणी वेगळा परवाना लावून टाकलेला दिसला, तर मूळ प्रकाशकाचं पान शोधा आणि तेच खरं माना.

परवाना क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या संस्थेचा, सीसी झिरो असेल तर अट नाही. सीसी बायमध्ये श्रेय, परवान्याचा दुवा आणि केलेले बदल सांगावे लागतात. खरी अडचण मिसळण्यात आहे. एक संच बाय-एसए (बदलून वाटताना तोच परवाना ठेवा) आणि दुसरा बाय-एनसी-एसए (तीच अट, शिवाय व्यापारी वापर नाही) असेल, तर दोन्ही कालवून केलेल्या नव्या संचाला एकच परवाना देता येत नाही. दोघांच्या अटी एकमेकींना छेदतात. असे संच वेगळ्या फोल्डरमध्ये, आपापल्या परवान्यासह ठेवा.

हिंगणघाटसारख्या बाजार समित्यांचे भाव हवे असतील तर सरकारचं ओपन डेटा पोर्टल चांगलं. तिथल्या डेटाला २०१७ चा सरकारी मुक्त डेटा परवाना लागतो: स्रोताचं श्रेय द्या, आणि सरकारने तुमच्या कामाला मान्यता दिल्याचं भासवू नका. पण सगळ्याच सरकारी संकेतस्थळांना तो लागू नाही. सरकारी प्रकाशनांवरही ६० वर्षं कॉपीराइट असतो.

माझं मत असं, की बहुतेक वेळा प्रत टाकायची गरजच नसते. मूळ ठिकाणाहून डाउनलोड करणारी स्क्रिप्ट, आवृत्ती, तारीख आणि एसएचए-२५६ चेकसम (फाइल बदललेली नाही हे तपासायचा आकडा) द्या. मूळ दुवा बंद पडण्याची भीती असेल आणि परवाना मुभा देत असेल, तरच प्रत ठेवा. झेनोडो या संशोधनाचा डेटा जपणाऱ्या संकेतस्थळावर डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांकही मिळतो. परवान्याची फाइल जशीच्या तशी सोबत असू द्या. मोबाईलच्या नेटवर काम करणाऱ्यांसाठी एक छोटा नमुना वेगळा काढून ठेवलात, तर गावाकडची पोरं तुमचे आभार मानतील.

कापसाचे फोटो शेवटी आपल्यालाच काढावे लागणार, आणि ते काढायलाच हवेत. कास्तकाराला आधी मराठीत सांगा, की हे फोटो जगात कुणीही वापरू शकेल, कंपन्यासुद्धा. तो हो म्हणाला तर कागदावर घ्या. नाही म्हणाला तर दुसरं वावर पाहा. फोटोसोबत जीपीएसचं ठिकाणही साठलेलं असतं. अपलोड करण्याआधी ते पुसून टाका आणि नोंदीत तालुक्यापर्यंतच लिहा.