पित्तनलिकेजवळची गाठ: कॉन्ट्रास्ट एमआरआय कसा करून घ्यायचा

कावीळ वाढतेय, सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली आणि डॉक्टरांनी गाठीची शंका घेतली, की सगळ्यात आधी एक विचारा: स्टेंट (पित्त वाहतं ठेवायला नलिकेत बसवतात ती बारीक नळी) टाकायच्या आधी एमआरआय होईल का? स्टेंट पडला की नलिका सुजते, आकसते, मग गाठ नेमकी कुठवर आहे ते कळणं अवघड जातं. फक्त ताप, थंडी, इन्फेक्शन असेल तर थांबू नका हं, तिथे आधी पित्त मोकळं करणंच महत्त्वाचं.

चार ते सहा तास उपाशी जायचं, क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट न्यायचा, पेसमेकर, शरीरात बसवलेली धातूची क्लिप, प्रेग्नन्सी, आधीची ॲलर्जी काय असेल ते आधीच सांगायचं. सोबत एमआरसीपी (पित्तनलिकांचा खास एमआरआय) करतातच, त्यात इंजेक्शनशिवाय पित्ताची नळी झाडाच्या फांद्यांसारखी पांढरी दिसते आणि अडलंय कुठे ते समजतं.

मग गॅडोलिनियम, म्हणजे शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट औषध, देऊन लागोपाठ फोटो, साधारण अर्ध्या मिनिटाने, मिनिटभराने आणि तीन ते पाच मिनिटांनी. शेवटचा चुकवू नये, कारण नलिकेच्या कॅन्सरमध्ये तंतुमय भाग जास्त असतो, तो औषध हळूहळू शोषतो आणि बऱ्याचदा उशिराच उठून दिसतो. प्रत्येक वेळी पंधरा-वीस सेकंद श्वास रोखावा लागतो, घरी सराव करा, हललं की फोटो धूसर. आणि नुसत्या फोटोवर निदान पक्कं होत नाही, तुकडा तपासावा लागू शकतो.