व्यापाऱ्याने द्राक्षांचा सौदा मोडला, तर

निफाड तालुक्यात आमची दोन एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग. काढणीच्या तोंडावर व्यापारी फिरला, ठरलेल्या भावाने माल उचलेना. तेव्हा जे शिकले, ते सांगते.

माल वेलीवर सडू देऊ नका, हे पहिलं. करार कायदा, 1872 च्या कलम 73 नुसार नुकसानभरपाई मिळते, पण नुकसान कमी करायला तुम्ही काय केलंत, हेही कोर्ट बघतं. मी मिळेल त्या भावाने दुसऱ्याला माल दिला आणि वजनकाट्याची प्रत्येक पावती जपली. ठरलेला भाव आणि मिळालेला भाव यांतला फरक, हीच माझी मागणी झाली.

विसाराची पावती, बँकेची नोंद, मोबाइलवरचे मेसेज सगळं ठेवा. मेसेज पुसू नका, फोनही विकू नका. तोंडी सौदाही करारच असतो, फक्त सिद्ध करणं जड जातं.

मग वकिलाकडून स्पीड पोस्टाने (रजिस्ट्रेशनसह) नोटीस; पोच जपून ठेवा. दाव्याची मुदत करार मोडल्यापासून साधारण 3 वर्षं. 'पुढच्या हंगामात देतो' यावर विसंबू नका.

वकिलाची फी झेपत नसेल तर नाशिकला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायांनो, आपल्याला तिथे उत्पन्नाची अट नाही! मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100. लोकअदालतीत तडजोड झाली तर त्यावर अपील नाही, म्हणून आकडा पटल्याशिवाय सही करू नका.