किनाऱ्यावर मॅच लावताय? या चुका टाळा

कोकणात मित्रांची सहल निघाली की गाडीत बॅट आधी जाते, कपडे नंतर. तरी अर्ध्या मॅचेस तिसऱ्या-चौथ्या षटकातच बुडतात, आणि बऱ्याचदा अक्षरशः. कारण एकच: भरती-ओहोटी कोणी बघितलेलीच नसते. रूम बुक करताना वीकेंड बघतात, तिथी नाही.

हिशोब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाच्या आसपास भरती आणि पुन्हा संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. नेमकी खेळायच्या वेळी सुरूच्या झाडांपुढे जेमतेम कोरड्या वाळूची पट्टी उरते. पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-साडेअकराला आणि पूर्ण ओहोटी साडेपाचच्या सुमारास. दिवेआगर किंवा दापोलीजवळच्या मुरूड-कर्देसारख्या सपाट किनाऱ्यावर तेव्हा एवढं मैदान मिळतं की दोन मॅचेस शेजारी शेजारी लागतील. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे काल पाचला जमलं म्हणून आज पाचला जमेलच असं नाही.

दुसरी चूक पिचची. कोरड्या भुसभुशीत वाळूत टप्पा पडला की बॉल तिथेच बसतो, मग सगळे फुलटॉस टाकतात आणि नो बॉलवरून जुंपते. पाणी नुकतंच ओसरलेली, टाच दाबली तर फार न रुतणारी ओली वाळू शोधा. पिच पाण्याला समांतर ठेवा. आपला किनारा बहुतेक ठिकाणी दक्षिणोत्तर आहे, त्यामुळे मावळतीचं ऊन ना बॅट्समनच्या डोळ्यांत जातं ना बोलरच्या. टेनिस बॉल दोनदा लाटेत गेला की लव पाणी पिते, बॉल जड होतो आणि मनगटाला झटके बसतात. रबरी बॉल घ्या, आणि एक नाही, तीन.

समुद्रात मारला तर आऊट, हा नियम टॉसच्या आधी ठरवा. सिक्स दिली की प्रत्येक जण तिकडेच उचलणार. ओहोटीचं पाणी बॉल आत नेतं आणि त्याच्यामागे माणूसही आत जातो. गुडघ्याच्या वर पाणी गेलं की बॉल सोडून द्यायचा. काशीदसारख्या जोरदार लाटांच्या किनाऱ्यावर तर घोट्यापाशीच थांबा. आणि ज्याला पोहता येत नाही त्याला कच्चं लिंबू म्हणून पाण्याकडच्या बाजूला फिल्डिंगला उभं करू नका. हे सर्रास होतं.

व्हॉलीबॉलला टाचेने आखलेली रेघ दोन रॅलीत पुसली जाते आणि मग 'आत होता' 'बाहेर होता' सुरू. काथ्याची दोरी चार कोपऱ्यांत पुरलेल्या खुंट्यांना बांधा. बीच व्हॉलीबॉलचं कोर्ट 16 बाय 8 मीटरचं असतं, तेही दोघा-दोघांसाठी. सहा-सहा जण असाल तर 18 बाय 9 आखा, नाहीतर डोकी आपटतील. दुपारनंतर खारा वारा चांगलाच जोर धरतो, म्हणून दर सात गुणांनी बाजू बदला. अधिकृत सामन्यांतही 21 गुणांच्या सेटमध्ये असंच करतात. हरणाऱ्यांची 'वारा तुमच्या बाजूने होता' ही सबब तिथेच संपते.

कबड्डीआधी पट्ट्यातले शिंपले, काचा आणि तुटक्या जाळ्यांचे तुकडे वेचा. चष्मे, अंगठ्या, गळ्यातल्या साखळ्या काढून एकाच पिशवीत ठेवा. वाळूत पडलेली अंगठी शोधणं म्हणजे त्या दिवसाचा खेळ संपलाच. सुरमई थाळीवर आडवा हात मारून लगेच चढाईला जाणाऱ्याचं काय होतं ते सांगायला नको. ज्याने दुपारीच ग्लास भरलाय त्याला अंपायर करा, पाण्याजवळ पाठवू नका.

रस्सीखेच शेवटी ठेवा, पाय तसेही थकलेले असतात. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही. समोरच्यांनी अचानक जोर लावला तर गुंडाळलेला हात सोडवता येत नाही, बोटं मोडतात. शेवटच्या गड्याने फार तर काखेखालून घ्यावा, गाठ मारू नये.